घरचं वाय-फाय आणि मोबाइल: सुरक्षेचा पाया कुठून शिकायला घ्यावा?

शिकाऊ_नाशिक
घरात फायबरचं कनेक्शन आहे. कंपनीने बसवलेला राउटर, ४ अँड्रॉइड फोन, १ लॅपटॉप, टीव्ही आणि दारावरचा वाय-फाय कॅमेरा एवढी साधनं. नेटवर्क आणि मोबाइल सुरक्षा मुळापासून शिकायची आहे, नुसत्या व्याख्या पाठ करायच्या नाहीत. बहुतेक व्हिडिओ पहिल्याच दिवशी काली लिनक्स (हॅकिंगची साधनं भरलेली संगणक प्रणाली) टाकायला सांगतात. खरंच तिथून सुरू करायचं का? सध्या नेटवर्कचं नाव लपवलंय आणि मॅक फिल्टर (यादीतल्याच साधनांना जोडू देणारा) लावलाय. पासवर्ड म्हणून वडिलांचा मोबाइल नंबर आहे. एवढं पुरतं का?

तारजोड
काली आत्ता नको. तुमच्या तीन उपायांपैकी दोन निरुपयोगी आहेत आणि तिसरा धोक्याचा. ते का, हे समजून घेतलंत की अर्धा पाया तयार झाला.

नाव लपवलं तरी तुमचा फोन जोडणी करताना ते नाव हवेत उघड बोलतो, ऐकणाऱ्याला ते मिळतंच. मॅक पत्त्याचं, म्हणजे प्रत्येक साधनाच्या ओळख क्रमांकाचंही तसंच. मजकूर एन्क्रिप्ट होतो, पण पाकिटावरचा पत्ता उघडाच राहतो. तो पाहून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता लावणं दोन मिनिटांचं काम आहे. दोन्ही काढून टाका.

आता पासवर्ड. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत एखादं साधन जोडलं जाताना राउटर आणि साधन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. बाहेर उभा असलेला माणूस तेवढी पकडून घरी नेतो आणि स्वतःच्या संगणकावर पासवर्डचे अंदाज लावत बसतो. राउटरला पत्ताही लागत नाही, त्यामुळे ‘तीनदा चुकलं की बंद’ असा बंदोबस्त इथे चालतच नाही. भारतातला मोबाइल नंबर १० आकडी आणि ६ ते ९ने सुरू होणारा, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला १० लाख अंदाज लावले तर ४,००० सेकंद पुरतात, म्हणजे सव्वा तासही नाही. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, २० अक्षरांच्या पुढे जा. घरच्यांना टाइप करायलाही ते सोपं जातं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडायची सोय, तीही बंद करा. त्याचा पिन ८ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. १०,००० अधिक १,००० मिळून फक्त ११,००० शक्यता उरतात. २०११ साली हे उघड झालं, तरी अनेक राउटरवर ते अजून चालू सापडतं.

डब्ल्यूपीए३ ही पुढची आवृत्ती असेल तर निवडा, त्यात पकडून घरी नेऊन अंदाज लावायची वाट बंद होते. मात्र फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर तुमचा कॅमेरा बहुधा जोडला जाणार नाही. असे कॅमेरे बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ एवढंच ओळखतात. अशा वेळी घरचं नेटवर्क मिश्र (डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही) ठेवा आणि कॅमेऱ्याला गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर टाका. टीव्ही मात्र तिकडे हलवू नका, फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवणं बंद पडेल.

पाचवा_पोर्ट
राउटरच्या आतलं राहिलं. फोनच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’ दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं. वाय-फायचा पासवर्ड आणि या पानाचा पासवर्ड वेगळे असतात. मूळचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ तसाच ठेवू नका. २०१६च्या मिराई हल्ल्यात कॅमेरे आणि राउटर असेच कारखान्यातल्या पासवर्डांची यादी लावून ताब्यात घेतले होते.

त्या पानावर यूपीएनपी (साधनांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करा. ते चालू असेल तर घरातलं कोणतंही साधन, तुमचा कॅमेरासुद्धा, न विचारता बाहेरच्यांसाठी दार उघडू शकतं. पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे हाताने उघडलेल्या अशा दारांची यादी रिकामी हवी.

आणि बहुतेक जण जे विसरतात ते: आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीमध्ये घरातली साधनं एकाच पत्त्याआड असतात, पण नव्या आयपीव्ही६मध्ये प्रत्येक साधनाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. मग राखण फक्त राउटरच्या फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या पहाऱ्याची. तिथे आयपीव्ही६ची खूण चालू आहे ना, बघा.

एक सावधगिरी. काही अडलं म्हणून मागचं रीसेटचं भोक टाचणीने दाबू नका. कंपनीने जोडणीसाठी भरलेलं युजरनेम आणि व्हीलॅन क्रमांकही पुसले जातात आणि माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद. बदल करण्याआधी ‘वॅन’च्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानाचा फोटो काढून ठेवा.

सिम_ट्रे
मोबाइलकडे वळतो, कारण आपल्याकडे पैसे जातात ते बहुतांशी इथून. व्हॉट्सॲपवर ई-चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके (अँड्रॉइड ॲप बसवणारी) फाइल येते. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते. ॲक्सेसिबिलिटीची (दिव्यांगांच्या सोयीसाठी असलेली) परवानगी मिळाली तर स्क्रीन वाचून तुमच्या वतीने बटणंही दाबते. अँड्रॉइड १३पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ती परवानगी सहज मिळत नाही, म्हणून हे ॲप तुम्हालाच तीन टिंबांत जाऊन ‘निर्बंधित सेटिंग’ खुली करायला सांगतं. अशी सूचना दिसली की तिथेच थांबा आणि ॲप काढा.

चारही फोनवर ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे’ हे पान शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांची परवानगी बंद हवी.

चुकून टाकलंच तर क्रम महत्त्वाचा. आधी विमान मोड चालू आणि वाय-फाय बंद, म्हणजे ओटीपी बाहेर जाणं थांबेल. मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) यांना फोन. मेसेज आणि ॲपच्या नावाचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, कारण घाईने केलं तर तक्रारीचा पुरावाच जातो.

सिमला पिन लावा. स्क्रीन कितीही घट्ट लॉक असली तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे येतात. कंपनीचा मूळ पिन ग्राहक सेवेला विचारा, अंदाज लावू नका. ३ चुकांनंतर पीयूके (सिम कंपनीकडचा उघडायचा क्रमांक) लागतो आणि तो १० वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

शिकाऊ_नाशिक
आभार, नंबरवाला पासवर्ड आजच बदलतो. पुढे शिकायला वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊ का?

तारजोड
घ्या, पण आधी आयपी (साधनाचा पत्ता), पोर्ट (त्यावरचं दार) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणं) कागदावर काढून समजून घ्या. मग लॅपटॉपवर वायरशार्क चालू करून एकच संकेतस्थळ उघडा. आधी डीएनएसची विचारणा, मग जोडणी जुळवणारी टीसीपीची तीन पाकिटं, मग टीएलएस, म्हणजे मजकूर एन्क्रिप्ट करायची बोलणी. या शेवटच्या टप्प्यात बहुधा संकेतस्थळाचं नाव दिसतं, मजकूर दिसत नाही. हॉटेलच्या वाय-फायवर काय उघडं पडतं आणि काय नाही, ते इथे स्वतःच्या डोळ्यांनी कळतं.

डीएनएस दिसलंच नाही तर ब्राउझरमधला ‘सुरक्षित डीएनएस’ तात्पुरता बंद करा. इतर फोनची रहदारी दिसणार नाही, साध्या वाय-फाय जोडणीत फक्त स्वतःच्या लॅपटॉपचीच दिसते.

त्यानंतर एनमॅपने (नेटवर्कवरची साधनं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने) घरातली साधनं मोजा आणि राउटरच्या यादीशी ताडून बघा. अँड्रॉइड १०पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक पत्ता दाखवतात, त्यामुळे अनोळखी पत्ता दिसला म्हणजे लगेच घुसखोर असं नाही. एकेक फोनचं वाय-फाय बंद करून कोणता गळतो ते पाहा. हे सगळं फक्त स्वतःच्या नेटवर्कवर. शेजाऱ्याच्या वाय-फायमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ आणि ६६खाली गुन्हा ठरू शकतो, ‘शिकत होतो’ म्हटलं तरी.