पिंग मधूनच ३००-४०० मिसेवर जातो, दोष राउटरचा की लाइनचा?

प्रश्न (पॅकेटपाल):
छोट्या पीसीवर ओपीएनसेन्स (राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर) आहे, इंटेलची आय२२६ एनआयसी (नेटवर्क कार्ड). लाइन १०० डाउन, २० अप (एमबीपीएस). एरवी पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) ८-१० मिसे (मिलिसेकंद). मधूनच दहा-पंधरा सेकंद ३००-४०० वर जातो आणि आपोआप खाली येतो. तेवढ्यात व्हिडिओ कॉल अडकतो. पॅकेट लॉस शून्य, सीपीयू १० टक्क्यांच्या आसपास, स्पीड टेस्टला पूर्ण वेग. सुरिकाटा (घुसखोरी ओळखणारं सॉफ्टवेअर) चालू आहे. केबल बदलून झाली. आता काय बघू?

तिसरा_हॉप:
सेटिंगला हात लावण्याआधी जागा पक्की करा. वायफाय नको, केबलने जोडलेल्या पीसीवरून तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवा: राउटरचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता, आयएसपीचा गेटवे (त्यांच्याकडचा पहिला राउटर) आणि १.१.१.१ (बाहेर इंटरनेटवरचा सर्व्हर). लॅनचाच पिंग उडाला तर भानगड घरातली. गेटवे आणि पुढचे दोन्ही एकदम उडाले तर लाइन किंवा अपलोडची रांग. एकटा गेटवे उडत असेल तर सोडून द्या, असे राउटर पिंगला उत्तर देणं सगळ्यात शेवटी ठेवतात. उडेल त्या क्षणी वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) अपलोड ग्राफही बघा.

पॅकेटपाल:
लॅन १ मिसेच्या आत, सपाट. बाकीचे दोन्ही एकदम उडतात. त्या वेळी अपलोड १९ एमबीपीएस. फोनचं फोटो बॅकअप चालू असतं.

रांगेत_उभा:
मग हा सरळसरळ बफरब्लोट. २० एमबीपीएसच्या लाइनवर ४०० मिसे म्हणजे साधारण १ एमबी डेटा मोडेमच्या बफरमध्ये तुंबलाय, आणि कॉलची पॅकेटं त्याच्या मागे. लॉस शून्य दिसतो तोही म्हणूनच: मोडेम काही टाकून देत नाही, नुसतं साठवतो.

रांग मोडेममधून काढून फायरवॉलवर आणायची. शेपरमध्ये (वेगाला मर्यादा घालणारा भाग) पाइप करा, बँडविड्थ १८ एमबीपीएस, शेड्युलर एफक्यू-कोडेल (रांग लहान ठेवणारी पद्धत). टार्गेट ५ आणि इंटरव्हल १०० मिसे हे डिफॉल्ट राहू द्या. त्यावर एक क्यू, मग रूल: इंटरफेस वॅन, दिशा आउट. डाउनलोडला वेगळा पाइप, ९० पासून सुरुवात, दिशा इन. नंतर स्टेट टेबल (चालू कनेक्शनांची यादी) रीसेट करा, नाहीतर जुनी कनेक्शनं शेपरला वळसा घालून जाऊ शकतात आणि फरक पडला नाही असं वाटतं. मोठी फाइल अपलोडला लावून पिंग बघा. अजून चढत असेल तर १ एमबीपीएसने खाली या.

कर्नल_काका:
निदान पटलं. पण लॅन सपाट आहे म्हणून सुरिकाटा सुटला असं धरू नका. आयपीएस मोडमध्ये (संशयास्पद ट्रॅफिक अडवणारा मोड) तो फक्त वॅनवर असेल तर लॅनच्या पिंगमध्ये दिसणारच नाही. अपलोड रिकामं असताना पिंग उडाला तर सुरिकाटा थोडा वेळ बंद करून बघा. आणि सीपीयूची सरासरी फसवी असते: चार कोअरपैकी एक पूर्ण भरला तरी आकडा २५ टक्केच दिसतो. टॉप या कमांडमध्ये थ्रेडनिहाय बघा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडायची पद्धत) असेल तर हमखास बघा, तिथे येणारा सगळा ट्रॅफिक बहुधा एकाच कोअरवर पडतो. हे सगळं एकदम बदलू नका मात्र.

पॅकेटपाल:
पीपीपीओई नाही. १८ वर ठेवून भर अपलोडमध्ये पिंग ४० पर्यंत जात होता, १७ वर आणल्यावर १५ च्या आत. सुरिकाटा चालूच आहे, रिकाम्या लाइनवर पिंग उडत नाही.