आईची अमेरिकी नागरिकत्वाची मुलाखत मराठीतून: दुभाषी कोण असावा आणि तयारी कशाची करावी?

रानजाई (एडिसन, न्यू जर्सी)

माझी आई 71 वर्षांची असून 2009 पासून ग्रीन कार्डावर आमच्याकडे राहते. डिसेंबर 2025 मध्ये आम्ही तिचा नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-400, दाखल केला आणि आता अमेरिकी नागरिकत्व खात्याच्या नेवार्क येथील कार्यालयात मुलाखतीला हजर राहण्याचे पत्र आले आहे. आई बी.ए. आहे, इंग्रजी वर्तमानपत्र सावकाश का होईना वाचते. पण समोरची व्यक्ती अमेरिकी धाटणीने भराभर बोलू लागली की तिचा गोंधळ उडतो. वयाची 55 वर्षे आणि ग्रीन कार्डाची 15 वर्षे पूर्ण झालेली असल्याने तिला इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळेल आणि नागरिकशास्त्राची परीक्षा मराठीतून देता येईल, असे मी वाचले आहे.

माझ्या शंका तीन आहेत. दुभाषी म्हणून मी स्वतः तिच्याबरोबर बसू शकते का, की बाहेरच्या कोणाला विनंती करावी? दुसरे म्हणजे, 2022 च्या अखेरीस ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेली होती आणि त्या वेळी तिचा मुक्काम सहा महिन्यांपेक्षा थोडा अधिक झाला. त्याबद्दल अधिकारी काय विचारतील? तिसरी शंका नावाची आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे, लग्नात सासरी पहिले नावसुद्धा बदलले आणि पारपत्रावर अर्थातच सासरचे नाव आहे. अर्जात आम्ही दोन्ही नावे लिहिली आहेत, पण ही गोष्ट इंग्रजीत कशी समजावून सांगायची हे मला कळत नाही.

गोदाकाठ

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांची मुलाखत याच पद्धतीने मराठीतून झाली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

दुभाषी तुम्हालाच न्यावा लागतो. तो 18 वर्षांवरील असावा, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत त्याला सहज बोलता यावे, आणि त्याच्याजवळ छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र असावे. तुमच्या प्रकरणात वकील असेल तर त्याला दुभाषी होता येत नाही. मुलाखतीच्या आरंभी अर्जदार आणि दुभाषी या दोघांनाही अधिकाऱ्यासमोर जी-1256 या कागदावर, म्हणजे दुभाष्यामार्फत होणाऱ्या मुलाखतीच्या घोषणापत्रावर, सही करावी लागते. मुलगी किंवा सून दुभाषी म्हणून चालेल की नाही, हे त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. निकालात ज्याचा काही हितसंबंध नाही अशी व्यक्ती त्यांना हवी असते, आणि नातेवाईक नाकारला तर बहुधा नवी तारीख घेऊन घरी परतावे लागते. म्हणून आम्ही ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला विनंती केली. तुम्हीही असेच करावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

आता खऱ्या तयारीविषयी. आपल्या घरांत सर्वजण नागरिकशास्त्राच्या प्रश्नांवर जितका जीव टाकतात, त्याच्या निम्मा वेळही अर्जाच्या उत्तरांना देत नाहीत. वास्तविक मुलाखतीचा मोठा भाग अर्जावरच जातो. पत्ते, प्रवासाच्या तारखा, वैवाहिक माहिती आणि त्यानंतर ‘आपण कधी’ अशी सुरुवात असलेल्या हो-नाही प्रश्नांची लांबलचक माळ. कधी अटक झाली होती का, कर भरायचा राहिला आहे का, आपण अमेरिकी नागरिक असल्याचे कोठे सांगितले आहे का, मतदार म्हणून नाव नोंदवले आहे का, कम्युनिस्ट पक्षाशी कधी संबंध होता का, कोणाच्या छळात सहभाग होता का. हे सर्व शपथेवर विचारले जाते, आणि इंग्रजीतून सूट मिळालेल्या अर्जदाराला यातून कोणतीही सूट नसते. आमच्याकडे अर्ज मुलाने भरला होता आणि सासऱ्यांनी विश्वासाने सही केली होती. पत्र आल्यावर आम्ही तो पहिल्या पानापासून मराठीतून त्यांच्यासमोर वाचला, तेव्हा कुठे आपण कशाकशावर सही केली आहे ते त्यांना समजले.

आणखी एक सवय वेळीच मोडावी. समोरचा बोलत असताना ‘हो, हो’ म्हणत मान हलवणे हा आपल्याकडे लक्ष असल्याचे दाखवण्याचा शिष्टाचार आहे. तुमच्या आईंना इंग्रजी अर्धवट समजते, म्हणून तर धोका जास्त. अधिकारी ‘तुम्ही कधी कर चुकवला आहे का’ असे विचारत असताना त्यांनी सौजन्याने मान डोलावली, तर त्याचा अर्थ काय घेतला जाईल याचा विचार करा. प्रश्न इंग्रजीत कळला असे वाटले तरी दुभाष्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि मगच मराठीत उत्तर द्यायचे, असा सराव घरी करून घ्या.

सासऱ्यांच्या वेळी एक प्रसंग घडला. भारतातील एका मुक्कामाचे कारण विचारताच त्यांनी कीर्तनकाराच्या थाटात पूर्वरंगापासून सुरुवात केली: भावाचे आजारपण, शेताची वाटणी, तलाठ्याकडच्या फेऱ्या. शिक्षिकाबाईंनी त्याचे दोन वाक्यांत सार सांगितले, तेव्हा अधिकाऱ्याने पेन खाली ठेवून त्यांना सौम्य शब्दांत बजावले की ते जे बोलले ते सगळे सांगा, निवड तुम्ही करू नका. मग सगळे पुन्हा एकदा झाले, या वेळी वाक्यावाक्याने थांबत. दुभाष्याला मदत करण्याचा मोह होतोच, पण तो त्याने आवरला पाहिजे. आणि अर्जदाराने उत्तर लहान ठेवले पाहिजे.

उंबरठा

आई 65 वर्षांच्या पुढे आहेत ना? मग एवढी चिंता कशाला? ज्येष्ठांना केवळ 20 प्रश्नांची छोटी यादी पाठ करावी लागते, त्यांतले 10 विचारतात आणि 6 बरोबर आले की काम झाले.

सरळरेघ (सिनसिनाटी)

उंबरठा यांनी सांगितलेली सवलत खरी आहे, परंतु रानजाईंच्या आईंना ती लागू होणार नाही. अर्ज दाखल करताना वय 65 पूर्ण आणि ग्रीन कार्डावरील वास्तव्य एकूण 20 वर्षे, अशा दोन्ही अटी तिथे पूर्ण व्हाव्या लागतात. 2009 पासून मोजले तर त्यांची 15 वर्षे भरतात, 20 भरत नाहीत. शिवाय अर्ज 20 ऑक्टोबर 2025 नंतरचा असल्याने त्यांना नवी परीक्षा आहे. पूर्वी 100 प्रश्नांच्या यादीतून 10 विचारून 6 बरोबर लागत. आता यादी 128 प्रश्नांची आहे, 20 पर्यंत प्रश्न विचारतात आणि 12 बरोबर यावे लागतात. बारावे बरोबर उत्तर आले किंवा नववे चुकले की अधिकारी तिथेच थांबतो. घरात मोठ्या भावंडांची जुनी पुस्तिका पडलेली असेल तर तिच्यावर विसंबू नये.

काही उत्तरे निवडणुकीनुसार बदलतात. न्यू जर्सीत नोव्हेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली आणि जानेवारी 2026 मध्ये नव्या गव्हर्नरांनी सूत्रे हाती घेतली, म्हणजे तुम्ही अर्ज भरताना जे नाव बरोबर होते ते आज चुकीचे ठरेल. मुलाखतीच्या दिवशी पदावर जी व्यक्ती असेल तिचेच नाव सांगायचे असते. आपल्या वडीलधाऱ्यांना राज्यपाल म्हणजे दिल्लीने नेमलेली व्यक्ती असे पक्के ठाऊक असते, त्यामुळे इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला प्रशासनप्रमुख आहे हे एकदा समजावून दिले की त्याच्याशी जोडलेले प्रश्न सोपे जातात. सिनेटर 100, प्रतिनिधिगृहात मते असलेले सदस्य 435, सर्वोच्च न्यायालयात 9 न्यायाधीश, घटनेच्या दुरुस्त्या 27, असे आकडे मात्र घोकावेच लागतात.

पुण्याच्या मुक्कामाबद्दल. अर्जाआधीच्या पाच वर्षांत एकाच फेरीत सहा महिन्यांहून अधिक, पण एक वर्षापेक्षा कमी काळ बाहेर राहिल्यास अमेरिकेतील सलग वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, पण ती जबाबदारी अर्जदाराची असते. शस्त्रक्रियेची कागदपत्रे, रुग्णालयाचा डिस्चार्ज आणि विमानाचे पुढे ढकललेले तिकीट अवश्य न्यावे. तरीही लक्षात घ्या की आजारपण हे विलंबाचे कारण झाले. अधिकाऱ्याला त्याहून महत्त्वाचे हे असते की त्या काळात तुमच्या आईंचे घर इथेच होते का, जवळचे कुटुंब इथेच होते का आणि त्यांनी भारतात नोकरी धरली नव्हती ना. त्यामुळे त्यांच्या नावे येणारी बँकेची पत्रे, आरोग्यविमा, त्या वर्षाचे करविवरण आणि तुमच्या घरात त्यांचे बिऱ्हाड कायम होते हे दाखवणारे जे काही असेल ते तारखांनुसार लावून ठेवा. पाच वर्षांत किमान 30 महिने प्रत्यक्ष इथे असण्याची अट वेगळी आहे. तिच्यासाठी पारपत्रावरील शिक्के आणि अर्जातील तारखा एकदा ताडून पाहा, आणि फरक आढळला तर अधिकाऱ्याने विचारण्याआधी स्वतःच दुरुस्ती सांगा.

रानजाई

सर्वांचे आभार. गोदाकाठ यांच्या सल्ल्याप्रमाणे काल अर्ज आईला मराठीतून वाचून दाखवायला घेतला आणि नवीच अडचण पुढे आली. ‘शस्त्रांचे किंवा लष्करी पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे का’ या प्रश्नाला मी डोळे झाकून ‘नाही’ असे उत्तर लिहिले होते. आई म्हणाली, मी कॉलेजात एनसीसीत होते आणि शिबिरात रायफल चालवली आहे! शिवाय देशासाठी शस्त्र उचलायला तयार आहात का, हा प्रश्न ऐकून तर ती हसतच सुटली. 71 व्या वर्षी तिला हे खरोखर विचारतील का?

शेवंती

खरोखर विचारतात, आणि हसू येऊ न देता विचारतात. प्रश्न शपथेच्या मजकुराशी संबंधित आहे. कायद्याने आवश्यक ठरल्यास शस्त्र धारण करणे, लष्करात बिगरलढाऊ सेवा करणे किंवा नागरी प्रशासनाखाली राष्ट्रीय महत्त्वाचे काम करणे, यांची तयारी आहे का असे तीन स्वतंत्र प्रश्न येतात. उद्या त्यांच्या हाती बंदूक देणार आहेत असा त्याचा अर्थ नाही. माझ्या आईंनी अहिंसेच्या धार्मिक श्रद्धेमुळे पहिल्याला नकार दिला होता. अशा वेळी ते शब्द वगळून शपथ घेण्याची तरतूद आहे, पण श्रद्धा खरी आहे हे पटवून द्यावे लागते. तशी अडचण नसेल तर तिन्हींना ‘हो’ म्हणावे.

एनसीसीचे उत्तर मात्र बदलाच. मुलाखतीत तो प्रश्न आल्यावर आईंनी ‘हो’ म्हणावे आणि दुभाष्यामार्फत सांगावे की ही 1948 च्या कायद्याने स्थापन झालेली विद्यार्थ्यांची संघटना आहे, त्या कॉलेजात असताना तिच्यात होत्या आणि शिबिरात नेमबाजी शिकवली गेली. वर्षे आठवत असतील तर तीही सांगावीत. अधिकारी अर्जावर लाल शाईने दुरुस्ती करतो आणि शेवटी त्या दुरुस्त्यांसह अर्जदाराची सही घेतो. एनसीसीमुळे कोणाचे नागरिकत्व अडल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. माहिती दडवली असे वाटले तर मात्र प्रकरण विनाकारण वाढते. अर्ज तुम्ही भरला असल्याने, तयार करणाऱ्याच्या रकान्यात तुमचे नाव व सही आहे ना, हेही पाहून घ्या.

नावाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. जन्मापासून वापरलेली सर्व नावे अर्जात मागितलेलीच असतात आणि तुम्ही ती दिली आहेत. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि आपण दोन्ही भाषा जाणतो असे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन सोबत ठेवा. ‘लग्नाच्या वेळी सासरच्या प्रथेप्रमाणे माझे पहिले नाव बदलले’ हे एक वाक्य पुरते.

गोदाकाठ

शेवंती यांच्याशी सहमत आहे. निकालाविषयी थोडे सांगायचे राहिले होते. मुलाखत संपल्यावर एन-652 हा कागद हातात देतात. त्यावर मंजुरीची शिफारस आहे, आणखी कागदपत्रे हवी आहेत की निर्णय राखून ठेवला आहे, ते लिहिलेले असते. नागरिकशास्त्रात कमी पडल्यास 60 ते 90 दिवसांत तेवढ्याच भागासाठी पुन्हा एकदा बोलावतात, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे संपले असे समजू नये.

मंजुरी मिळाली तरी शपथविधी होईपर्यंत आई भारतीय नागरिकच असतात आणि ग्रीन कार्ड त्यांच्याजवळच राहते; ते शपथविधीच्या दिवशी परत द्यायचे असते. भारतीय कायद्यानुसार दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे शपथेनंतर भारतीय पारपत्रावर प्रवास करता येत नाही. ते रीतसर जमा करून समर्पणाचा दाखला घ्यावा लागतो आणि मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. आधी अमेरिकी पारपत्र, नंतर ही प्रक्रिया, असा क्रम लागत असल्याने दिवाळीला पुण्याला जाण्याचा बेत असेल तर तिकीट काढायची घाई करू नका.