‘सड्यावर दीपकाडी फुलली’: सडा, दीपकाडी, कंद

रत्नागिरीच्या मावसबहिणीने पाठवलेल्या फोटोखाली एवढंच वाक्य होतं: ‘पहिल्या पावसानंतर सड्यावर दीपकाडी फुलली.’ मी मोठ्याने वाचलं, तर आई म्हणाली, “सडा घातल्यावर दियासलाई कशी फुलेल गं?” आमचं घर इंदूरचं, रामबागेतलं. इथे सडा म्हणजे सकाळी अंगणात शिंपडतात तो, नाहीतर पारिजातकाखाली पडतो तो. आणि दियासलाई म्हणजे हिंदीतली आगकाडी: दीप आणि शलाका, दिवा आणि काडी. कानावर आलेल्या शब्दाची फोड आईने बरोबरच केली होती.

सड्याचं उत्तर सोपं आहे. कोकणात आणि गोव्यात जांभ्या खडकाच्या उघड्या, सपाट माळाला सडा म्हणतात. ‘पठार’ लिहिलं की तो जांभा, त्यावरची चार बोटं माती, पावसात साचणारी डबकी यांतलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून सडाच लिहावं आणि घाटावरच्या किंवा आमच्यासारख्या माळव्यातल्या वाचकासाठी एकदा अर्थ द्यावा.

दीपकाडीचं मात्र तसं नाही. ही वनस्पती पश्चिम किनाऱ्यावरच्या जांभ्या सड्यांपुरतीच आहे आणि दुर्मिळ आहे. शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकनेन्से. पावसाच्या सुरुवातीला जमिनीतून सरळ दांडा वर येतो आणि त्यावर लांब नळीची पांढरी फुलं लागतात. दांडा काडीसारखा, फूल उजळ, म्हणून दीपकाडी, असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण मला ते पटत नाही. डिपकॅडी हे प्रजातीचं नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मेडिकुस याने 1790 मध्ये वापरलं. ते मस्कारी नावाच्या निळ्या फुलाच्या पूर्वेकडील जुन्या नावावरून आलेलं आहे. याच प्रजातीची एक जात स्पेन-मोरोक्कोकडे उगवते, तिची फुलं मळकट तपकिरी. तिथे ना दीप, ना काडी. आपल्या कोकणातल्या रोपाचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी 1850 मध्ये केलं तेव्हा त्याला ‘युरोपेटॅलम’ म्हटलं होतं. डिपकॅडी प्रजातीत ते नंतर बेकर या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने घातलं. म्हणजे लॅटिन नाव मराठीतून गेलेलं नाही. ते मराठीत आलं, आपल्या जिभेवर बसलं आणि दीप-काडी झालं. लँटर्नचा लालटेन झाला तसंच.

मग लिहायचं कसं, दिपकाडी की दीपकाडी? मूळ लॅटिन म्हणून ऱ्हस्व दि, असं कुणी म्हणेल. मी दीर्घच लिहीन. बोलणाऱ्यांनी त्यात दिवा पाहिला, तेव्हा तो शब्द मराठीचा झाला. फक्त ‘दिव्यासारखी म्हणून दीपकाडी’ अशी व्युत्पत्ती कोशात देऊ नये.

खरा घोळ आमच्याकडे कंदावरून झाला. भाची हिंदी माध्यमातून बीएस्सी करते. मी म्हटलं, दीपकाडीला कंद असतो. ती म्हणाली, “नाही मावशी, कंद म्हणजे बटाटा. हा शल्ककंद.” तिच्या पुस्तकात बरोबरच आहे: हिंदीत बटाटा कंद, सुरण घनकंद, हळद प्रकंद, कांदा शल्ककंद. मराठी परिभाषेत मात्र कांद्यालाच कंद म्हणतात आणि बटाट्याला ग्रंथिक्षोड. एकच शब्द, दोन भाषांत दोन वेगळ्या वस्तू. (गुलकंदातला कंद तर तिसराच, फारसी, म्हणजे साखर.)

शेवटी स्वयंपाकघरात गेलो. कांदा उभा चिरला. बुडाशी एक चपटी चकती दिसते, तिच्याखाली मुळं. ती चकती म्हणजे खोड. तिच्यावर एकात एक बसलेले पापुद्रे म्हणजे पानांची जाड झालेली बुडं, आणि मधोमध हिरवट कोंब. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, तळतात तो गराडू (रताळ्यासारखा जमिनीत वाढणारा) थंडीत घरी आणतो, तो आठवा: चिरला तर आत पापुद्रा नाही, कोंब नाही, सगळा सलग गर. भाचीच्या भाषेतला कंद तो. दीपकाडीचं जमिनीतलं अंग कांद्यासारखं आहे. पाऊस सरल्यावर पानं वाळतात आणि पुढच्या जूनपर्यंत तेवढंच मातीत उरतं.

माझं मत असं की सर्वसामान्य मजकुरात सरळ ‘दीपकाडीचा कांदा’ लिहावं. रानकांदा, कोलकांदा ही नावं आपल्याकडे आहेतच, आणि त्यांची अंगंही पापुद्र्यांचीच. सुरणाला गड्डा, हळदीला हळकुंड हेही घरातलेच शब्द. कंद हा शब्द या सगळ्यांना मिळून ठेवावा. परिभाषेतले नेमके शब्द पाठ्यपुस्तकात हवेतच, पण तिथेही हिंदीतून आलेल्या विद्यार्थ्यासाठी शेजारी शल्ककंद द्यावा.

भाचीने त्या फोटोखालचं वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि सडा या शब्दापुढे कंसात लिहिलं: जांभ्याचा माळ.