मदत हवी आहे: ऑर्डर ते डिस्पॅच हा कालावधी कमी कसा करावा?

आमच्या शाम्पूच्या कारखान्यात ऑर्डर मिळाल्यापासून माल बाहेर पडेपर्यंत 32 दिवस लागतात. त्यात बॅचवरील प्रत्यक्ष काम जेमतेम 3 दिवसांचे असून उरलेला काळ ती छापील लेबलांची, तपासणी अहवालाची किंवा मशीन मोकळे होण्याची वाट पाहत पडून असते. सुगंध बदलताना फिलिंग लाइन धुऊन नोझल बसवण्यात 4 तास जातात, म्हणून नियोजन विभाग मोठ्या बॅच लावतो आणि रांग आणखी लांबते. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसार, उत्पादनाचा वेग तोच ठेवून कारखान्यात प्रक्रियेत असलेला अर्धवट माल निम्मा केल्यास सरासरी कालावधीही निम्मा होतो; हे उत्पादन विभागाला मात्र पटत नाही (मशीन रिकामे दिसले की त्यांचा जीव कासावीस होतो). अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे, आधी सुगंध बदलताना लाइन तयार करण्याचा वेळ कमी करावा, की भरलेल्या बाटल्या ठेवून ऑर्डर आल्यावरच लेबल लावावे?