शॉवरची काच: प्लेन घ्यावी की दुधी?

तिसरा_मजला

मंडळी, वाघोलीच्या फ्लॅटचं कॉमन बाथरूम फोडलंय. टाइल्स पुढच्या आठवड्यात लागतील. साडेसात बाय साडेचार फुटांची खोली. दारातून शिरलं की बेसिन, मग कमोड आणि सगळ्यात आत, खिडकीखाली शॉवर. आत्तापर्यंत कुणीही आंघोळ केली की कमोडपासून पायपुसण्यापर्यंत सगळं ओलंचिंब. म्हणून मध्ये काचेचं पार्टिशन घालायचं, इथवर घरात एकमत आहे.

पुढे मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नवऱ्याला प्लेन काच हवी, कारण खोली मोठी दिसते. सासूबाई म्हणतात, "आरपार काचेत आंघोळ? मी आपली बादली घेऊन बाल्कनीत बसते." सासरे पंचाहत्तरीचे, त्यांची एकच अट, पाय घसरायला नको. काच घासणार अर्थातच मी. पाणी टँकरचं. आर.ओ.वाला मीटर बुडवून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे ८४० मिलिग्रॅम सांगून गेलाय. स्टीलच्या नळावर पांढरे थर बघतेच आहे, काचेचं काय होईल ते कळतंय.

प्लेन घेऊ की दुधी? ज्यांनी वापरलीय त्यांनीच सांगा. फोटोत सगळंच छान दिसतं.

उगाच_एक

प्लेन घ्या, आत वायपर टांगा. आंघोळ झाली की वरून खाली चार हात मारायचे, काच चकाचक. आमच्याकडे नियम आहे, शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर मारायचा. त्यामुळे आता शेवटी जायला कुणीच तयार नसतं, पण तो वेगळा विषय.

वाशिष्ठी

चिपळूणला आमच्याकडे विहिरीचं पाणी. मऊ आहे, प्लेन काचेवर क्षाराचे डाग म्हणाल तर नाहीत. पण पावसाळ्यात खालच्या सिलिकॉनच्या रेघेत काळी बुरशी धरते. एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवला की कमी होते. दुधी असो की प्लेन, ही रेघ चुकत नाही.

काचकाम

ताई, काचेचाच धंदा आहे, भोसरीत शेड आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

गिऱ्हाईक नुसतं "फ्रॉस्टेड द्या" म्हणतं आणि दुकानात जे पडलंय ते त्याच्या गळ्यात पडतं. दुधी काच एक नाही. ॲसिडची असते, ती कारखान्यातूनच तशी येते. हात फिरवला तर रेशमी लागते, नख अडकत नाही. दुसरी सँडब्लास्टची, म्हणजे वाळूचा मारा करून खरखरीत केलेली. तिच्यावर नख ओढलं की पाटीवर खडू करकरल्यासारखा आवाज येतो. तिसरा प्रकार म्हणजे साध्या काचेवर चिकटवलेली फिल्म. तिन्ही लांबून सारख्याच दिसतात. भावात आणि घासण्यात सारख्या नाहीत.

सँडब्लास्ट खरखरीत असल्यामुळे तेल धरते. मागे एका सोसायटीत दुसऱ्याच कुणीतरी केलेलं काम बघायला गेलो होतो. खरखरीत बाजू आतल्या अंगाला बसवलेली. दिवाळीत घरातल्या सगळ्यांची अभ्यंगस्नानं झाली, तेल-उटण्याचे हात काचेला टेकले. मी गेलो तेव्हा संक्रांत होऊन गेली होती आणि पंजे जसेच्या तसे. एक लहान मुलाचा पंजा तर बोटं मोजता येतील इतका स्वच्छ.

दुधी बाजू कायम बाहेर, कोरड्या अंगाला घ्यायची. याचं आणखी एक कारण आहे, ते सासूबाईंना आधी दाखवा. दुकानात नमुन्याचा तुकडा मागा, खरखरीत बाजूवर ओलं बोट फिरवा. जिथे ओलं झालं तिथे काच आरपार दिसायला लागते, कारण बारीक खड्डे पाण्याने भरून जातात. म्हणजे ती बाजू आत असेल तर ऐन आंघोळीत पडदा उठला.

आता तुमची खिडकी. ती शॉवरच्या मागे आहे, म्हणजे दिवसा उजेड आंघोळ करणाऱ्याच्या पाठीमागून येणार. अशा वेळी दुधी काचेवर सावली पडते. काचेपासून हातभर लांब उभं राहिलं तर आकार विरघळतो, चिकटून उभं राहिलं तर कोण आहे तेही ओळखू येतं. बेसिनकडचा दिवा लावून ठेवला की पुष्कळ फरक पडतो. नुसतं "दुधी आहे, काही दिसत नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

क्षाराचं म्हणाल तर ८४० टीडीएसला प्लेन काचेवर प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका ठेवून जाणार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची योग्य मर्यादा ५०० आहे, त्यावरून अंदाज घ्या. दुधी काचेवरही तेवढाच क्षार बसतो, फक्त दिसत नाही. वडीच्या साबणाचा या पाण्याशी मिळून चिकट थर होतो, बॉडीवॉशचा तेवढा होत नाही. साचलेला थर काढायला सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी पुरतं, पण उंबऱ्याला कडाप्पा किंवा मार्बल लावला असेल तर त्यावर थेंब पडू देऊ नका, दगड खाल्ला जातो. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही. आणि टाइल्स धुवायचं ते कडक ॲसिड बिजागऱ्यांच्या जवळपासही नको, स्टील काळवंडतं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. सकाळी एक जण आंघोळीला असताना दुसरा बेसिनवर ब्रश करतो का? आणि सासऱ्यांसाठी दार हवंच आहे का?

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत बहुतेक ओळखीच्या घरांत प्लेनच आहे, पण बाथरूम आतून बंद करून एकच माणूस वापरतो, त्यामुळे प्रश्नच येत नाही. एक मात्र चांगलं आहे, अमेरिकेत १९७७ पासून शॉवरच्या दाराला सेफ्टी ग्लास कायद्याने सक्तीची आहे. आई-बाबा आले की आम्ही प्लेन काचेच्या आत एक पडदा लावतो. दिसायला भयाण, पण आई खूश.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. काचकाम दादा, सकाळी सात ते साडेआठ आमच्याकडे रेल्वे स्टेशन असतं. मुलगी आत आणि नवरा बाहेर दाढी करतोय, हे रोजचंच. त्यामुळे प्लेन आमच्या घरात चालायची नाही, हे तुमच्या प्रश्नावरूनच कळलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता "मग निदान अर्धी तरी प्लेन" यावर आलाय.

दाराचं कळलं नाही. दार नसेल तर पाणी बाहेर येणार नाही का?

काचकाम

नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. पूर्ण दुधी घेतली तर साडेचार फुटांच्या खोलीत भिंत उभी केल्यासारखं वाटेल. खालून फूटभर प्लेन, वरचा दीड फूट प्लेन, मधला पट्टा दुधी. खिडकीचा उजेड वरून बेसिनपर्यंत येतो. आणि खालची प्लेन पट्टी सासऱ्यांसाठी. आत कुणी पडलं तर बाहेरून पाय दिसतात.

हा पट्टा सँडब्लास्टमध्ये झकास होतो, पण तेल धरायची खोड राहणारच, अगदी बाहेरच्या बाजूलाही. तुमच्याकडे लहान-मोठी सगळी माणसं काचेला हात लावणार, म्हणून मी प्लेन काचेवर बाहेरून फिल्म सुचवेन. कडेला उकलली की दुसरी लावता येते, आणि मुलगी शिकायला बाहेर गेली, घरात दोघंच राहिलात, तर काढून टाका. काच तीच. आमच्या धंद्यातले लोक फिल्मला नाक मुरडतात, कारण त्यात आम्हाला फारसं सुटत नाही. ओल्या बाजूला लावली तर मात्र त्यांचंच खरं ठरतं.

दाराबद्दल. आठ एमएमचं दोन फूट रुंद, साडेसहा फूट उंच दार साधारण २४ किलो भरतं. ते सगळं दोन बिजागऱ्यांवर, आणि बिजागऱ्या टाइलमागच्या भिंतीवर. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर मला रात्री झोप येत नाही. दार लावायचंच तर बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराला आत पडलेला माणूस अडला की दार ढकलताच येत नाही. त्यापेक्षा तीन फुटांचं एकच पॅनल उभं करा, शॉवर त्याच्या आडोशाला येईल असा घ्या आणि जायला-यायला उरलेला दीड फूट मोकळा सोडा. शॉवरखालच्या फरशीचा उतार नीट जाळीकडे असेल तर बाहेर चार शिंतोडे येतील, तेवढंच. अर्थात दीड फूट सासऱ्यांना पुरतो का, ते आधी दोन खुर्च्या मांडून त्यांना चालवून बघा. आधाराला हात लागत असेल तर पॅनल अडीच फुटांचंच करू.

टॉवेलचा दांडा काचेवर बसवू नका. म्हातारं माणूस तोल गेला की हाताला येईल ते धरतं. पकडायचा दांडा वेगळा, भिंतीत, आणि तो आत्ताच, टाइल लागायच्या आधी त्यामागे पक्कं बांधकाम करून घ्या.

उगाच_एक

शॉवरला लावतात ती टफन काच, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेली, आपोआप फुटते म्हणतात, ते खरं का?

काचकाम

क्वचित, पण फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला असेल तर नंतर कधीतरी. बहुतेक वेळा मात्र बसवताना कड टाइलला ठेचलेली असते. फुटली तरी बारीक तुकडे होतात, सुरे होत नाहीत, म्हणून तर टफन घ्यायची. कोपऱ्यात कायमचा शिक्का असतो तो बघून घ्या.

तिसरा_मजला

खुर्च्यांचा प्रयोग झाला. सासरे दीड फुटातून आडवे होऊन गेले आणि म्हणाले, "बसमध्ये चढतोय असं वाटलं." म्हणजे अडीचचं पॅनल. गवंड्याला आजच माप देऊ का?

काचकाम

नको. टाइल लागून सुकल्यावर काचवाला स्वतः येऊन माप घेईल, खाली, मध्ये आणि वर. भिंत ओळंब्यात नसते आणि टफन झालेली काच नंतर सूतभरही कापता येत नाही. गवंड्याला आज फक्त उतार आणि दांड्याची जागा दाखवा.