पी०१३५ + पी०१७१: ऑक्सिजन सेन्सर बदलायचाच का?

निळी_हॅचबॅक:
पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, २०१४ ची, पुण्यातच चालते, सीएनजी नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा चार दिवस सतत लागलाय, लुकलुकत नाही. स्कॅनरवर दोन कोड आले, पी०१३५ आणि पी०१७१. गॅरेजवाले म्हणतात ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा टाका. घरी ब्लूटूथचा ईएलएम३२७ (गाडीचे कोड वाचायचा छोटा स्कॅनर) आणि मल्टिमीटर आहे. पैसे घालण्याआधी काय तपासू? आणि घ्यायचाच झाला तर कुठला घेऊ?

सोळा_पिन:
दिवा स्थिर आहे तोवर गाडी चालवायला हरकत नाही. लुकलुकायला लागला तर मिसफायर होतोय असं समजा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची वाट लावतं.

कोड इतक्यात पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या: कोड नोंदला गेला तेव्हाचा आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड, फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा). कोड पुसले की हे जातं, बॅटरीची तार काढली तरी जातं.

पी०१३५ म्हणजे 'सेन्सर खराब' नव्हे. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट नीट नाही, एवढंच तो सांगतो. त्या सर्किटात फ्यूज, कनेक्टर आणि तारासुद्धा आल्या. आधी फ्यूज बघा. मग इंजिन गार असताना कनेक्टर सोडवा. सेन्सरकडून येणाऱ्या चार तारांत दोन एकाच रंगाच्या असतात, बहुधा पांढऱ्या किंवा काळ्या. त्या हीटरच्या. त्यांच्यात रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ते १५ ओहम आला तर हीटर शाबूत, 'ओएल' (मोजमापाच्या पलीकडे) दिसलं तर आत तुटलाय. हीटर शाबूत असेल तर इंजिन चालू करून गाडीकडच्या कनेक्टरवर बॅटरीचा सप्लाय येतो का बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर किंवा तारेवर उंदराचे दात दिसले तर शोध तिथेच संपला.

तेलकट_हात:
पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इनटेकला (इंजिनात हवा जाते त्या मार्गाला) कुठेतरी हवा ओढली जात असणार. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर कार्ब क्लीनर मारा, आरपीएम बदलला की जागा सापडली.

सोळा_पिन:
तापलेल्या एक्झॉस्टशेजारी कार्ब क्लीनर मारू नका, पेट घेतो. शिवाय हे बहुतेक मॅप सेन्सरवर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणारं इंजिन असेल. त्यात इनटेकची गळती ईसीयूला दाब वाढल्यासारखी दिसते, तो पेट्रोलही वाढवतो. आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) चढतो, पण ट्रिम फार हलत नाही. मास एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत तुमचं म्हणणं चोख लागू पडतं. @निळी_हॅचबॅक, लाँग टर्म ट्रिम आयडलला आणि २५०० आरपीएमला किती? आणि इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना मॅप किती दाखवतो?

निळी_हॅचबॅक:
फ्यूज चांगला. हीटर 'ओएल'. ट्रिम आयडलला +१८, २५०० ला +५. मॅप ९४ केपीए. आयडल ८०० वर स्थिर. सकाळी पहिली दोन मिनिटं टिकटिक आवाज येतो, मग जातो. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे तर नाही ना?

सोळा_पिन:
ई१० वरून ई२० वर गेल्याने ट्रिम चारेक टक्के वर सरकतो, १८ होत नाही. पुण्याच्या उंचीवर ९४ बरोबर आहे (मुंबईत १०० च्या आसपास दिसेल), म्हणजे मॅप सेन्सर बहुधा ठीक.

गार इंजिनला टिकटिक आणि तापल्यावर बंद, हे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचं लक्षण. फटीतून दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. आरपीएम वाढला की ही फट नगण्य ठरते, म्हणून तिथे +५. हीटर आत तुटलाय, तेव्हा सेन्सर लागणारच, पण एकट्या सेन्सरने पी०१७१ जाणार नाही. गॅस्केट आणि तुटके स्टड एकाच खेपेत बघून घ्या.

नाना_पेठ_फेरी:
सेन्सर डेन्सो, एनटीके किंवा बॉश, जुन्यावरचा नंबर जुळवून, कनेक्टरसकट. तारा कापून जोडायचा युनिव्हर्सल घेऊ नका. नाना पेठेत (पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात) डुप्लिकेटही त्याच खोक्यात मिळतो, त्यामुळे पक्कं बिल मागा. २२ मिमीचा खाच असलेला सॉकेट लागेल. इंजिन कोमट असताना खोलला तर आटे वाचतात. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) फक्त आट्यांवर, टोकाला अजिबात नाही, आणि नव्या सेन्सरच्या आट्यांवर आधीच असेल तर वरून लावू नका. टाइट ४० ते ४५ न्यूटन मीटर. एक्झॉस्टला साधा सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याच्या वाफेने नवा सेन्सर मरतो.

घाटरस्ता:
इथेच विचारतो. पी०११८ (कूलंटच्या तापमान सेन्सरचा कोड), कूलंट −४० अंश दाखवतोय, पंखा थांबत नाही.

सोळा_पिन:
−४० म्हणजे सर्किट उघडं. कनेक्टर काढून गाडीकडच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा १३० च्या वर उडाला तर तारा आणि ईसीयू ठीक, सेन्सर किंवा त्याच्या पिना गेल्या. −४० वरच राहिला तर सेन्सर घेऊ नका, तार शोधा.