पन्नास हजारांत पहिला गेमिंग संगणक: लॅपटॉप नको, डेस्कटॉपच घ्या

लालबागकर

भाच्याची बारावी झाली. इंजिनिअरिंगला मुंबईतच जायचंय आणि आजवर गेम फक्त मोबाइलवर खेळलाय. आता त्याला व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ खेळायचंय. बजेट पन्नास हजार, मॉनिटरसकट. मित्रांनी त्याच्या डोक्यात 'गेमिंग लॅपटॉप' भरवलाय. माझं मत साफ उलट आहे. पटत नसेल तर खोडून काढा, पण कारणं देऊन.

या पैशात गेमिंग लॅपटॉप म्हणून जे मिळतं, त्यात आपण गेमिंगपेक्षा स्टिकरचे पैसे जास्त भरतो. आरटीएक्स ३०५० या ग्राफिक्स चिपचंच नाव घ्या. डेस्कटॉपचं मूळ ३०५० आलं ते ८ जीबी मेमरी घेऊन. लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली ४ किंवा ६ जीबी येते. शिवाय त्या चिपला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉपची कंपनी ठरवते, एखादी ३५ देते, एखादी ८०. बाहेरून दोन्ही मशीन सारखीच दिसतात आणि हा आकडा पोराला कुणी सांगत नाही. तीन वर्षांनी चिप कमी पडली तर बदलता येत नाही, ती बोर्डालाच जोडलेली असते.

माझा प्लॅन असा: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम, साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि साधा फुल एचडी मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड आत्ता नको. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच असतं. व्हॅलोरंट त्यावर आरामात चालतं. जीटीए आणि काउंटर-स्ट्राइक सेटिंग्ज खाली आणल्या की खेळण्याजोगे होतात. वर्ष-दीड वर्षानं पैसे जमले की कार्ड टाकायचं. तोवर पोराला नेमकं काय आवडतं हेही कळलेलं असेल.

दोन गोष्टींवर मात्र अडून बसा. पहिली रॅम. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅमच वापरतं. म्हणून दोन स्टिक लावून दोन्ही चॅनल चालू ठेवले की गेम लक्षणीय सुधारतो. दुकानात सहसा १६ची एकच स्टिक पुढे करतात.

दुसरी एसएमपीएस. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या संगणक बाजारात, कोटेशन मागा आणि कागद नीट वाचा. प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी सगळं मॉडेल नंबरासकट लिहिलेलं असतं, आणि शेवटची ओळ असते 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. कंपनी नाही, मॉडेल नाही. खरी गोम तिथेच आहे. माझ्या शेजाऱ्याच्या मशीनला असाच बिननावाचा एसएमपीएस बसवला होता. तो जळाला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. अशा वेळी भांडायला हातात काहीच नसतं.

एफपीएस_पाहिजे

डेस्कटॉपला शंभर टक्के पाठिंबा. पण 'कार्ड नंतर' याला माझा ठाम विरोध आहे.

५६००जी हा तडजोडीचा प्रोसेसर आहे. नुसत्या ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ५६००जीमध्ये १६. पीसीआयई, म्हणजे कार्ड जोडायची वाट, तीही जुनी, ३.०. उद्या कार्ड घातलंत की ज्या आतल्या ग्राफिक्ससाठी पैसे मोजले ते नुसतं पडून राहणार आणि कमी कॅशे मात्र कायमची गळ्यात. त्यात 'नंतर' नावाची गोष्ट आपल्या घरांत सहसा येत नाही. आधी फी, मग गणपती, मग दिवाळी. पोरगं तीन वर्षं लो सेटिंगवर राहणार.

त्यापेक्षा आय३-१२१००एफ घ्या. चार कोअर, आठ थ्रेड, या गेमना पुरेसा. वाचलेल्या पैशात सेकंडहँड आरएक्स ६६०० शोधा. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. फुल एचडीला आजही हे कार्ड मान खाली घालत नाही. पुढे त्याच बोर्डावर १४व्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर बसतो, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला की झालं.

लालबागकर

कॅशेचा मुद्दा मान्य, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे. पण आपण नवशिक्याबद्दल बोलतोय. नावात 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी, म्हणजे कॉलेजची असाइनमेंटही बंद. ५६००जीवाल्याचा गेम थांबेल, काम थांबणार नाही.

आणि सेकंडहँड कार्ड अठरा वर्षांच्या मुलानं तपासायचं कसं? २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली काही अजून हात बदलत फिरताहेत.

एफपीएस_पाहिजे

मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं नाही. तपासायची रीत आहे. विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात जायचं, अर्धा तास जड गेम चालवायचा, तापमान बघायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे येतात का ते पाहायचं. स्क्रू उघडल्याच्या खुणा बघायच्या. मूळ बिल असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच घ्यायचं. 'चालू आहे, टेस्टेड आहे' म्हणत स्टेशनवर हातात ठेवणाऱ्याकडून काहीही घ्यायचं नाही.

कर्जत_लोकल

दोघेही मशीनबद्दल बोलताय, घराबद्दल कुणीच बोलत नाहीये.

आमचं घर वन रूम किचन. माणसं पाच. टेबल ठेवायचं तर कपाट हलवावं लागतं. मी स्वतः इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रुप प्रोजेक्टला मित्राच्या घरी बसावं लागतं, प्रेझेंटेशनला मशीन घेऊन जावं लागतं, परीक्षेच्या आधी लायब्ररीत बसते. डेस्कटॉप यातलं काय करणार? हॉस्टेलला जायची वेळ आली तर मॉनिटर डोक्यावर घेऊन जायचं का?

वॅटचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. लॅपटॉप घेण्याआधी नेमक्या मॉडेलच्या तपशिलात ग्राफिक्सची पॉवर किती लिहिली आहे ते बघा. लिहिलंच नसेल तर ते मॉडेल सोडा. रॅमला रिकामा स्लॉट आहे का, दुसरी एसएसडी बसते का, एवढं विचारून घेतलं तर लॅपटॉपही चार वर्षं निघतो. पन्नास हजारांत एकच मशीन घेता येणार असेल तर ते सगळीकडे नेता येणारं हवं.

लालबागकर

जागेची अडचण मी नाकारत नाही, लालबागला चाळीतच वाढलोय. पण पन्नास हजारांत बऱ्या वॅटचं कार्ड असलेला नवा लॅपटॉप दाखवा. जे मिळतं त्यात कार्ड कमजोर, स्क्रीन फिकी आणि रॅम ८ जीबी. आणि तो दोन-सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा अ‍ॅडॉप्टर सकाळच्या गर्दीत रोज न्यायचा. प्लगशिवाय गेम धड चालत नाही, म्हणजे खेळायचं तर शेवटी घरीच.

कर्जत_लोकल

गेम घरी खेळेल हो, पण अभ्यास कुठे करेल?

दोन_पोरांची_आई

मी डेस्कटॉपच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं आहे. आमचा डेस्कटॉप हॉलमध्ये आहे. मुलगा काय खेळतो, कुणाशी बोलतो, किती वाजेपर्यंत बसतो हे येता-जाता दिसतं. हेडफोन लावून अनोळखी माणसांशी बोलणं चालू असतं, आईबापांना ते कळायला हवं. लॅपटॉप असता तर पांघरुणात गेला असता.

जागा आणि पैसे दोन्ही वाचवायचे असतील तर पहिलं वर्ष मॉनिटर घेऊच नका. घरातला टीव्ही एचडीएमआयनं जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, नाहीतर माउस हलवला की पडद्यावर बाण उशिरा हलतो. बत्तीस इंची साधे टीव्ही बरेचदा फुल एचडी नसतात, १३६६ बाय ७६८ असतात. अक्षरं जरा जाड दिसतात, पण गेमला रिझोल्यूशन कमी असल्यानं तेच ग्राफिक्स जास्त पळतं. आमच्याकडे असंच चाललंय. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी खेळ बंद, हा नियमही त्यातून आपोआप झाला.

एफपीएस_पाहिजे

ताई, टीव्हीची कल्पना नवशिक्याला उत्तम आहे. फक्त व्हॅलोरंट मनापासून खेळायचं असेल तर पुढे १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा) किंवा त्यावरचा मॉनिटर घ्याच. साध्या टीव्हीवर ६० हर्ट्झच मिळतात.

जुनं_ते_सोनं

नवीनच का? ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप घ्या. आय५-८५००, सहा कोअर, बोर्ड आणि एसएमपीएस दणकट. त्यात जीटीएक्स १६५० घाला. ७५ वॅटचं कार्ड आहे, अनेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज मिळते. निम्म्या बजेटमध्ये या पोराचे तिन्ही गेम धावतील. उरलेल्या पैशात कर्जत_लोकल म्हणतात तसा एखादा साधा वापरलेला लॅपटॉपही बसवता येईल.

एफपीएस_पाहिजे

कल्पना चांगली, पण तीन ठिकाणी ठेच लागते. आठव्या पिढीच्या खालचं मशीन चुकूनही घेऊ नका. विंडोज ११ अधिकृतपणे तिथूनच सुरू होतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे स्वस्त मिळतात ते याचमुळे. दुसरं, विंडोज ११वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या दोन सुरक्षा सोयी चालू लागतात. दुकानात उभं असतानाच बायोसमध्ये जाऊन बघा. तिसरं, त्या छोट्या कॅबिनेटमध्ये कार्ड लो-प्रोफाइलच, म्हणजे कमी उंचीचंच, बसतं आणि आतला एसएमपीएस दोनशे वॅटच्या आसपासचा, कंपनीच्या खास मापाचा. पुढे मोठं कार्ड घालायचं म्हटलं की सगळंच बदलायचं.

जुनं_ते_सोनं

पुढचं पुढे. पहिल्या मशीनवर शिकायचं असतं. पंचवीस हजारांच्या मशीनचं झाकण उघडायला मुलगा घाबरत नाही, पन्नास हजारांच्या मशीनला हात लावू देत नाहीत घरचे.

मुलुंडकर

एक गोष्ट सगळ्यांच्या हिशेबातून सुटतेय. रॅमचा भाव. २०२५च्या अखेरीपासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ बघून 'एवढ्यात एवढं बसतं' असं धरून बाजारात गेलात तर हिरमोड होईल. एसएसडीचंही तेच.

म्हणून सध्या डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवाल्या प्लॅटफॉर्मच्या मागे लागू नका. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डावर दुसरी रॅम चालतच नाही. कुणाकडे जुनं डीडीआर४चं मशीन पडून असेल तर त्याची रॅम काढून वापरा, लेबलवर डीडीआर४च लिहिलंय ना ते बघा. इथे लालबागकरांचा ५६००जी आणि एफपीएसचा डीडीआर४ बोर्डवाला १२१००एफ, दोन्ही चालतील.

आणि दुकानात यूपीएस गळ्यात मारतील. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेक मॉडेलांवर ३६० वॅट लिहिलेलं असतं. मुंबईत वीज फारशी जात नाही, पहिल्या दिवशी यूपीएस नसला तरी अडत नाही. तेच पैसे एसएमपीएसमध्ये घाला.

लालबागकर

रॅमचा मुद्दा मोलाचा. माझ्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४च्या ८च्या दोन स्टिक आहेत, त्या भाच्याला देतो. ताईंचं ऐकून मॉनिटरही वर्षभर थांबवतो, भाच्याच्या घरी टीव्ही आहेच. या दोन्हीमुळे जे पैसे सुटतील त्यात कार्ड आत्ताच बसत असेल तर ५६००जीचा हट्ट सोडून ५६०० घेऊ. पण कार्ड नवीन आणि बिलासकट. दुकानदार 'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल' म्हणाला की तिथून निघायचं. १८ टक्के वाचवायला जाल आणि वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसाल.

रविवारी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारी ग्रँट रोडला उतरतोय. दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घेऊन इथे टाकतो, एसएमपीएसच्या मॉडेल नंबरासकट.

एफपीएस_पाहिजे

५६०० आणि नवीन कार्ड, बिलासकट? माझं भांडण मिटलं. ५६००मध्येही आतलं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्डाचं बिल जपून ठेवा. आणि कोटेशनमध्ये बोर्डाचं पूर्ण मॉडेलही लिहून घ्या, नुसतं 'ए५२०' हे चिपसेटचं नाव चालणार नाही.

कर्जत_लोकल

माझं मिटलेलं नाही. कोटेशनं टाकाल तेव्हा एक ओळ अजून लिहा: कॉलेजला न्यायला काय, आणि ते कितीचं? पहिल्याच सेमिस्टरला ते लागेल. मशीनवर सगळे पन्नास संपवून बसलात तर तो मुलगा माझ्यासारख्या कुणाकडे तरी लॅपटॉप मागत फिरेल. जुनं_ते_सोनं यांचा हिशेब मला तरी सगळ्यात बरोबर वाटतो. शनिवारी तिथे जातच आहात, तर वापरलेल्या मशीनच्या दुकानातही एक चक्कर मारा.